दुसऱ्यांदा येणारं गिऱ्हाईक

दिवाळी तोंडावर आली की पुण्या-मुंबईतल्या मंगल कार्यालयांना मुहूर्ताशिवायही भाव येतो. जिकडे तिकडे प्रदर्शनं. थंडीत भीमथडी जत्रा असते, वांद्र्याला महालक्ष्मी सरस असतं. भाजणीची पाकिटं, तोरणं, खण-पैठणीचे स्टॉल या रांगेत हल्ली एक टेबल हमखास दिसतं: चिप्सच्या पाकिटांची पर्स, जुन्या साडीची बाजारपिशवी, रद्दीचा आकाशकंदील, देवळातल्या फुलांची उदबत्ती. गिऱ्हाईक थांबतं, पर्स उलटीपालटी करून बघतं, "खरंच कचऱ्यापासून केलंय हे?" म्हणतं, मनापासून कौतुक करतं, एक घेतं आणि झुणका-भाकरीच्या दिशेनं निघून जातं. पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक पुन्हा त्या टेबलाशी येतं, ओळखीचं हसतं आणि काही न घेता पुढे जातं. घरात एक पर्स आहे की!

कचऱ्यातून वस्तू कशी घडवायची हे इथल्या बायकांना शिकवायला कोणी बाहेरून येण्याची गरज नव्हती. जुन्या लुगड्यांच्या गोधड्यांवर पिढ्या झोपल्या. बोहारणीनं फाटक्या धोतराची किंमत पातेल्यात मोजून दिली. 'टाकाऊतून टिकाऊ' हा तर शाळेतल्या हस्तकलेच्या तासाचा कायमचा पाठ. घोडं अडतं ते वस्तू तयार झाल्यावर. एकाच मापाचे शंभर नग करणं, त्यांना परवडेल आणि खपेल असा दर लावणं, वेष्टनात घालून दुकानाच्या फळीवर पोचवणं, आणि मग त्याचे पैसे वेळेत वसूल करणं. पहिली खरेदी कौतुकापोटी होते, दुसरी गरज किंवा आवड असेल तरच. कचरावेचकांच्या गटांना मदत करायला निघालेल्या संस्था, हौशी डिझायनर आणि कंपन्यांचे सीएसआर विभाग यांची बहुतेक शक्ती मात्र त्या पहिल्या खरेदीवरच खर्च होते.

पुण्यात हा व्यवहार जवळून बघता येतो, कारण इथले कचरावेचक संघटित आहेत. एसएनडीटी महिला विद्यापीठात प्रौढ शिक्षणाचं काम करणाऱ्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या बायकांच्या वस्त्यांत जाऊ लागल्या. उकिरड्यातून उकरण्यापेक्षा घराघरातून वेगळा केलेला सुका कचरा मिळाला तर कमाईही वाढते आणि हातही कमी चिरतात, हे तिथे दिसलं. १९९३ साली बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. आज तिचे तीन हजारांवर सभासद दारोदार कचरा गोळा करतात. त्यात बहुसंख्य बायका, आणि बहुतेक जणी दलित समाजातल्या. घरटी मिळणारं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार, या दोन पायांवर त्यांचा संसार उभा आहे. पर्स-पिशव्यांवर नाही. या विषयातल्या अनेक भाबड्या प्रकल्पांना एवढं एक लक्षात आलं असतं तर बरीच शिवणयंत्रं धूळ खात पडली नसती.

'स्वच्छ'ची एक वस्तू मात्र मुद्दाम बघण्यासारखी आहे. प्रदर्शनात तिला कोणी हात लावून वाहवा करणार नाही. जुन्या वर्तमानपत्रांपासून कचरावेचक बायकांनीच बनवलेली साधी कागदी पिशवी, नाव 'एसटी डिस्पो'. वापरलेलं सॅनिटरी पॅड किंवा डायपर तिच्यात घालून टाकायचं. या पिशवीची कल्पना कुठल्या डिझाइनच्या वर्गात निघालेली नाही, ती कचरा निवडण्याच्या जागी निघाली. सुका कचरा निवडताना पोतं रिकामं केलं की त्यातून उघडी पॅड बाहेर पडायची, आणि ती हातानं बाजूला काढावी लागायची. रोज, शेकडो घरांची. कचरा टाकणारीला ते कधी दिसत नाही, उचलणारीला चुकवता येत नाही.

वस्तू तयार झाली, पण ती घेणार कोण? पिशवी विकत घेणाऱ्या बाईचा त्यात थेट फायदा काहीच नाही. फायदा आहे तो कचरा निवडणाऱ्या दुसऱ्या बाईचा. असा माल विकणं हे बाजारातलं सगळ्यात कठीण काम. म्हणून संघटनेनं मोर्चा गिऱ्हाइकाकडून उत्पादकांकडे वळवला. २०१३ मध्ये 'सेंड इट बॅक' नावाची मोहीम झाली. वापरलेली पॅड पिशव्यांत भरून ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाच परत पाठवण्यात आली. जाहिरातीत निळं पाणी ओतून दाखवणाऱ्यांच्या टेबलावर खरा माल पोचला! २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत मग तरतूद आली: पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांनी प्रत्येक नगामागे तो टाकण्यासाठी पिशवी किंवा वेष्टन पाकिटासोबतच द्यावं. पुढच्या वर्षी 'स्वच्छ'ने लाल ठिपक्याची मोहीम चालवली. पिशवी नसेल तर निदान कागदात गुंडाळा आणि वर ठळक लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावं लागणार नाही. काहीही विकत न घेता पाळता येईल असा हा उपाय. स्वतःच्याच मालाला पर्याय सुचवणारी जाहिरात बाजारात सहसा दिसत नाही, पण इथे माल खपवण्यापेक्षा हात वाचवणं महत्त्वाचं होतं.

धंद्याच्या अंगानं या पिशवीत बऱ्याच गोष्टी जुळून आल्या होत्या. माप ठरलेलं. कच्चा माल रद्दी, जी कधी संपत नाही. घडी आणि खळ एवढंच कौशल्य, त्यामुळे पाठ धरलेल्या, ढकलगाडी न ओढवणाऱ्या बाईलाही बसून करता येण्याजोगं काम. वर मजकूर छापता येतो, म्हणजे पिशवी स्वतःच स्वतःची जाहिरात. आणि रोज, दर महिन्याला, पुन्हा पुन्हा लागणारी वस्तू. कमतरता एकच, पण मोठी. नियमानं पिशवी सक्तीची केली; ती कशाची असावी आणि कोणाच्या हातची असावी याबद्दल नियम गप्प राहिला. दर मिनिटाला ढिगानं प्लॅस्टिकची पाकिटं ओतणाऱ्या यंत्राशी हातानं डकवलेल्या कागदी पिशवीनं दरात स्पर्धा करायची, तर ती कुठवर टिकणार? कायद्यानं बाजारपेठ उभी केली आणि फाटक मात्र मोठ्यांसाठी उघडं ठेवलं.

रद्दीच्या पिशव्यांची आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. बचत गटांना 'कागदी पिशव्या करा' हा सल्ला आजही सर्रास दिला जातो, विशेषतः २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आल्यापासून. पण त्याच वर्षीच्या अन्नसुरक्षा वेष्टन नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाई केली, कारण छपाईची शाई पोटात जाते. वडापाव आणि भेळ हे रद्दीच्या पिशवीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कागदोपत्री तरी तिथेच संपलं. उरली औषधांची, स्टेशनरीची, कपड्यांची दुकानं. आधी बाजार बघून मग प्रशिक्षण ठेवलं असतं तर ही गोष्ट पहिल्याच दिवशी कळली असती. प्रशिक्षणाचा अहवाल मात्र फोटोंसकट वेळेत जातो.

आता थोडी आकर्षक वस्तू घेऊ. पुण्यातच अमिता देशपांडे यांचं 'रीचरखा' आणि नंदन भट यांचं 'इकोकारी' हे दोन उपक्रम टाकाऊ प्लॅस्टिक चरख्यावर गुंडाळून हातमागावर विणतात. यात कॅरीबॅग येतात, बिस्किटांची आणि चिप्सची वेष्टनं येतात, भेटवस्तूंचे चकचकीत कागद येतात, आणि आता कोणाच्याही उपयोगाच्या न राहिलेल्या ऑडिओ-व्हिडिओ कॅसेटींच्या फितीही येतात. रीतीत मोठं यंत्र कुठेच नाही. पाकीट आधी शिवणीवर उघडायचं, धुवायचं, वाळवायचं, रंगवार लावायचं. मग कात्रीनं कापत कापत त्याची एक लांबच लांब पट्टी काढायची. कात्री तिरकी गेली की पट्टी मागावर तुटते, रुंदी कमीजास्त झाली की कापड पोत सोडतं. पट्ट्या जोडून चरख्यावर गुंडाळल्या की त्या बाण्याच्या जागी जातात. विणून झाल्यावर पाकिटाची आतली चंदेरी बाजू मध्येच चमकते, एखादं अर्धं अक्षर दिसतं, आणि हिरवा कुठल्या पाकिटातला हे ओळखणारे ओळखतात. वरून रंग काही द्यावा लागत नाही. फॅशनच्या दुकानात चालण्याजोगं कापड हातात येतं.

अशा कापडाच्या एका झोळीचा हिशेब मांडून बघू. आकडे समजुतीपुरते. धुणं, वाळवणं, कापणं याला तीन तास, विणायला दोन, शिवायला एक. तासाला साठ रुपये धरले तर मजुरीच तीनशे साठ. अस्तर, चेन, दोरा नव्वद. भाडं, वीज आणि वाया गेलेला माल मिळून पन्नास. गटाच्या दारात झोळी पाचशेला पडली. दुकानदार चाळीस टक्के कमिशन घेत असेल, तर पाचशे हातात पडण्यासाठी छापील किंमत साधारण आठशे चौतीस हवी. कर वेगळा. शेजारच्या फळीवर यंत्रावर शिवलेली नवी कोरी झोळी अडीचशेला लटकते आहे. म्हणजे ही झोळी स्वस्त म्हणून कधीच खपणार नाही. देखणी, मजबूत आणि वेगळी म्हणूनच खपेल. दर पाडून माल घालवण्याचा जो मोह प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी होतो, तो सरळ त्या तीनशे साठमधून कापला जातो. अस्तरवाला आणि चेनवाला काही सूट देत नाहीत.

स्वच्छतेची शंका हा गिऱ्हाइकाच्या मनातला न बोललेला अडसर. लोक पर्स हळूच नाकाशी नेतात. त्यावर 'शंभर टक्के पुनर्वापर' असल्या घोषणेचा उपयोग नसतो. माल कसा धुतला, किती पाकिटं यात गेली, कोणत्या गटानं विणली, कशी जपायची, एवढं चार ओळींत मराठीत सांगणारी चिठ्ठी जास्त काम करते. आणि कृपा करून तिच्यावर रडवेल्या चेहऱ्याचा फोटो नको. विणकर बाईचा फोटो तिला न विचारता, तिच्या हलाखीची जाहिरात म्हणून छापणाऱ्या संस्था आहेत. त्यांच्या स्वतःच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो मात्र हार घातलेले असतात.

वस्तूमागची गोष्ट सांगण्याचा एक नवा प्रकार पुण्यातल्याच 'आशाया' या कंपनीनं केला. अनिश मालपाणी यांनी सुरू केलेल्या या कंपनीनं २०२३ च्या सुरुवातीला 'विदाउट' या नावानं चिप्सच्या पाकिटांपासून बनवलेले गॉगल बाजारात आणले. हे बहुपदरी प्लॅस्टिक म्हणजे भंगारवाल्याच्या तराजूत न चढणारी गोष्ट. प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की वेगळे करणं परवडत नाही, म्हणून कोणी उचलत नाही. त्यावर प्रयोगशाळेत प्रक्रिया करून त्याचं साचेबंद साहित्य बनवायचं, हा त्यांचा मार्ग. एका गॉगलमागे पाच पाकिटं, असं कंपनी सांगते. दांडीवरचा क्यूआर कोड फोननं वाचला की पाकिटं कोणी वेचली तिथपर्यंतची हकिगत उघडते. समाजमाध्यमावर व्हिडिओ फिरला आणि गॉगलची मागणी एकदम वाढली. इथे विक्रीचं साधन गॉगलच्या काचेपेक्षा तो कोड होता, आणि वेचणाऱ्या माणसाला त्यात नाव होतं.

अर्थात व्हिडिओ रोज फिरत नाही. झटक्यात आलेली मागणी लहान गटाला जितकी तारते तितकीच बुडवते. आलेल्या ऑर्डरी महिनाभर लांबल्या की गिऱ्हाईक चिडतं, आणि त्या भरात वाढवलेली माणसं पुढच्या महिन्यात बसून राहतात.

वस्तू तीच ठेवून नुसती साखळी बदलली तर काय होतं, याचं चांगलं उदाहरण फिलिपिन्सचं आहे. मनिलाजवळ पायातास इथे कचऱ्याचे डोंगर होते. जुलै २००० मध्ये त्यातला एक ढासळून दोनशेवर माणसं गाडली गेली. तिथल्या बायका कापडी चिंध्यांची पायपुसणी विणत. चिंध्या आणून देणारा मध्यस्थ, पायपुसणी उचलणाराही मध्यस्थ, आणि विणणारीच्या हातात उरायची ती चिल्लर. २००७ मध्ये रीस फर्नांडिस आणि तिच्या सहकाऱ्यांनी 'रॅग्ज टू रिचेस' सुरू केलं. आधी चिंध्यांचा पुरवठा थेट मिळवला. मग राजो लॉरेल या तिथल्या नामवंत फॅशन डिझायनरला सोबत घेतलं. त्यानं बायकांना नवीन काही विणायला शिकवण्यापेक्षा, त्यांच्या हातात बसलेल्या त्याच विणीच्या पिशव्या केल्या. पायपुसण्याची वीण खांद्यावर आली आणि किंमत कितीतरी पटीनं वाढली. रीसला २०१० मध्ये रोलेक्सचा तरुणांसाठीचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे डिझायनर येतो तो बहुधा स्वतःचा नमुना घेऊन, दोन दिवसांची कार्यशाळा घेतो आणि बायकांच्या हाताला न बसणारं काहीतरी शिकवून जातो. गोधडी घालणारीला क्रोशा शिकवण्यात काय हशील?

कैरोची कहाणी अधिक गुंतागुंतीची. मोकात्तम टेकडीच्या पायथ्याशी जब्बालीन राहतात, म्हणजे शहराचा कचरा गोळा करणारे, बहुसंख्य कॉप्टिक ख्रिस्ती. १९८४ मध्ये तिथे 'असोसिएशन फॉर द प्रोटेक्शन ऑफ द एन्व्हायर्न्मेंट' ही संस्था स्थापन झाली आणि पुढे तिनं मुलींसाठी मागाचं केंद्र काढलं. चिंध्यांची जाजमं, तुकड्यांच्या रजया, हातकागदाची भेटकार्डं. जाजम मोजता मोजता मुली अंकगणित शिकत. त्याच वस्तीत पुढे मुलांसाठी शाळा निघाली, तिचा अभ्यासक्रम तर रिकाम्या शाम्पूच्या बाटल्यांवर बेतलेला होता. नामांकित कंपनीच्या रिकाम्या बाटल्या जमवून त्यात नकली माल भरून विकणारे बाजारात होते. वेष्टन हीच एवढी मौल्यवान वस्तू! प्रॉक्टर अँड गॅम्बलनं त्या बाटल्या गोळा करून नष्ट करायला पैसे दिले. मुलं बाटल्या मोजत, तक्ते भरत, बिल बनवत, चुरा करत आणि मोबदला घेत. या कामामागे उभ्या असलेल्या लैला इस्कंदर २०१३ मध्ये इजिप्तच्या पर्यावरणमंत्री झाल्या.

पण त्याच कैरोत २००३ च्या सुमारास सरकारनं कचरा उचलण्याची कंत्राटं परदेशी कंपन्यांना दिली आणि जब्बालीनांच्या हातातला कचराच धोक्यात आला. विपणनावरच्या कुठल्याही चर्चेत हा भाग सुटून जातो. जाजमाला गिऱ्हाईक शोधणं ठीक, पण गटाचा कच्चा माल म्हणजे शहराचा कचरा, आणि त्यावर हक्क कोणाचा हे महापालिका ठरवते. पुण्यातही 'स्वच्छ'च्या कराराची मुदत संपत आली की सभासदांच्या पोटात गोळा येतो.

वेष्टनाचा विचार किती बारकाईनं करता येतो ते कानपूरच्या फुलांनी दाखवलं. गंगेत सोडल्या जाणाऱ्या देवळांतल्या फुलांपासून खत आणि उदबत्ती करायची कल्पना अंकित अगरवाल आणि करण रस्तोगी यांनी 'हेल्प अस ग्रीन'मधून मांडली. पुढे अगरवाल यांच्या कंपनीचं नाव 'फूल' झालं. फुलं वेचणं, निवडणं, काड्या वळणं ही कामं तिथे बायका करतात. उदबत्तीच्या पुड्यावर देवाचं चित्र असेल तर लोक तो कचऱ्यात टाकायला कचरतात, कोपऱ्यात साठवतात आणि शेवटी नदीत सोडतात. म्हणजे नदी वाचवायला काढलेल्या मालाचं वेष्टन पुन्हा नदीतच. त्यावर त्यांनी वेष्टनाच्या कागदात तुळशीचं बी घातलं. पुडा संपला की कागद कुंडीत पेरायचा. आपल्या घरी शेगडीच्या वरच्या फळीवर दडवलेले उदबत्तीचे रिकामे पुडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. मुंबईत सिद्धिविनायकाच्या निर्माल्याची फुलं घेऊन रूपा त्रिवेदींचं 'आदिव प्युअर नेचर' कापड रंगवतं. झेंडूचा पिवळा साडीवर उतरतो तो देवळाचा प्रसाद होऊन, आणि त्या कापडाला 'कचऱ्यापासून' अशी चिठ्ठी लावण्याचं कारणच उरत नाही.

सगळ्यात अवघड माल म्हणजे खत. भावनेला तिथे काडीची जागा नाही. शेतकरी मूठभर खत हातावर चोळतो, काचेचा कण किंवा पन्नीचा तुकडा निघाला की पोतं परत. शहरी कचऱ्याच्या खताला सरकारी मानकं आहेत. नव्वद टक्के माल चार मिलिमीटरच्या चाळणीतून पडला पाहिजे, ओल पंधरा ते पंचवीस टक्के, रंग गडद तपकिरी ते काळा, दुर्गंधी नको, जड धातूंना मर्यादा. राज्य सरकारनं २०१७ मध्ये 'हरित महासिटी कंपोस्ट' हे नाव नोंदवलं आणि चाचणीत उतरलेल्या खताला ते वापरायची मुभा नगरपालिकांना दिली. कल्पना चोख होती. एकेकट्या गावाच्या पोत्याला ओळख नसते, राज्याच्या नावाला असते. पण नाव टिकतं ते सगळ्यात ढिसाळ गावाच्या मालावर. एका ठिकाणच्या पोत्यात काच निघाली की शेतकरी ते नावच टाळतो, गाव बघत बसत नाही. ज्योती म्हापसेकर यांच्या स्त्री मुक्ती संघटनेनं १९९८ पासून 'परिसर विकास'मधून मुंबईतल्या कचरावेचक बायकांना खत करण्याचं आणि बायोगॅस संयंत्र चालवण्याचं शिक्षण दिलं. त्यात शहाणपणाचा भाग असा की तयार खत विकण्यापेक्षा सोसायटीच्या, कारखान्याच्या आवारात खत करून देण्याची सेवा त्यांनी विकली. पोतं, छपाई, वाहतूक, सगळं वाचलं. जिथे वेष्टनच टाळता येतं तिथे ते टाळणं हेही विपणनच आहे.

पुण्यातल्या 'पुनरावर्तन' मोहिमेचं तर्कशास्त्र तसंच. विसर्जनानंतर शाडूच्या गणेशमूर्तींची माती गोळा करून ती मूर्तिकारांकडे परत द्यायची. शाडू येतो गुजरातेतून, खाणीतून खणून. तो पुन्हा वापरता आला तर मूर्तिकाराला हवाच असतो. त्याला चकचकीत खोक्यात रस नाही. त्याची अट एकच: त्यात प्लॅस्टर ऑफ पॅरिस मिसळलेलं नको.

आता थोडं कोरडं, पण यात नेमके गट अडकतात. वेष्टन करून वस्तू दुकानात ठेवायची तर वजनमापाच्या नियमांप्रमाणे त्यावर बनवणाऱ्याचं किंवा भरणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग किंवा वजन, महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. मॉलवाला चिठ्ठी बघतो आणि एक ओळ कमी असली तरी माल परत पाठवतो. ऑनलाइन विक्रीला पूर्वी जीएसटी नोंदणी अटळ होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यालाही राज्यातल्या राज्यात ई-कॉमर्सवरून माल विकता येतो, त्यासाठी एक नोंदणी क्रमांक काढावा लागतो. लहान उद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणी असेल तर खरेदीदारानं जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावेत असं कायदा सांगतो, आणि लहान उद्योगांचा माल विकणाऱ्या सहकारी संस्थेलाही त्याचा आधार घेता येतो. गटांना खरी मदत करायची असेल तर ती इथे आहे: बिल कसं करायचं, चिठ्ठी कशी छापायची, उधारीचा तगादा कसा लावायचा. पण अशा मदतीचा फोटो चांगला येत नाही.

कमिशनपेक्षाही जीवघेणी असते ती 'खपल्यावर पैसे' ही पद्धत. दुकानदार पन्नास पिशव्या ठेवून घेतो, काचेच्या कपाटात सहा महिने त्यांना ऊन लागतं, मग पस्तीस परत येतात, रंग उडालेल्या. गटाचा पैसा तेवढे दिवस दुसऱ्याच्या कपाटात अडकलेला. त्यापेक्षा कमी दरात का होईना, रोखीनं घेणारा ठोक खरेदीदार बरा. परिषदांना पिशव्या, कार्यालयांना फायली, हॉटेलांना टेबलावरच्या चटया, असा माल एकदम पाचशे नग जातो, माप एकच राहतं आणि कापणारीचा हात बसतो. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून सुती कातरणांच्या लगद्याचा कागद करते आहे. तिचा माल फायली, लिफाफे, लग्नपत्रिका अशा नेहमीच्या गरजांना लागतो, आणि पत्रिका घेणारा त्यातल्या चिंध्यांचा विचारही करत नाही.

ठोक खरेदीत सगळ्यात मोठी ऑर्डर दिवाळीच्या भेटींची. तिचं वेळापत्रक गटांच्या गळ्याशी येतं. कंपन्या नमुने मागतात आषाढ-श्रावणात, ऑर्डर पक्की करतात भाद्रपदात, आणि माल हवा असतो नवरात्राच्या आत. नेमक्या त्याच दिवसांत धुतलेलं प्लॅस्टिक वाळत नाही, कागदाला बुरशी धरते, खळ सुकत नाही. पावसाळ्यात भंगारही ओलं येतं आणि त्याचा भाव पडतो. म्हणून ज्यांना हे जमलं आहे ते एप्रिल-मेच्या उन्हात माल धुऊन, रंगवार लावून, पट्ट्या कापून ठेवतात. पण एप्रिलमध्ये हातात ऑर्डर नसते, आणि तीन महिने पट्ट्या कापणारीला रोजची मजुरी द्यावी लागते. बँक साठवलेल्या चिप्सच्या पाकिटांवर कर्ज देत नाही. दिवाळीची भेट कचरावेचकांच्या गटाकडून घ्यायची असं एखाद्या कंपनीनं खरंच ठरवलं असेल, तर तिनं नमुन्याची निवड शिमग्यात करावी आणि निम्मे पैसे तेव्हाच पाठवावेत.